नाव कमी केल्याचा दाखला

१ जानेवारी २००३
नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प तीन. रोज लिहायचं. खरं लिहायचं. बिडी बंद.

यंदा अमेरिका. बद्रीनाथ तिकडचा नागरिक झाला, आता आई-बापाला कायमचं नेतो म्हणतो. त्याने पाठवलेले दोन्ही फॉर्म, माझा आणि चांगुणाचा, मी दसऱ्यालाच भरून मुंबईला वकिलातीत पाठवले. बद्री म्हणत होता, अमेरिकेतला वकील भरून देईल, तुम्ही नुसत्या सह्या करा. मी साफ नाही म्हणालो. एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो. अख्ख्या कुंभार पिंपळगावाचे फॉर्म या हातांनी भरले. इंग्रजी झाला म्हणून काय, रकाना तो रकानाच. एकही रिकामा सोडला नाही. मार्चपर्यंत व्हिसा हातात. चांगुणाला तसं सांगून ठेवलं आहे.

२ जानेवारी
बिडी एकच. दिवसभरात. मोजत नाही ती.

१८ जानेवारी
वकिलातीचं पत्र. तीनदा वाचलं, तिन्ही वेळा तेच निघालं. बद्रीच्या अर्जात एक बहीण दाखवली आहे. आमच्या दोन्ही अर्जांत अपत्यांच्या रकान्यात एकटा बद्री. खरं काय ते कळवा, पुरावा जोडा, तोवर प्रकरण थांबवलं आहे.

ही चूक नाही, हे आधी इथे नोंदवून ठेवतो. द्वारका म्हणजे आमची मुलगी, बद्रीहून थोरली. एकोणनव्वद साली तिचं लग्न झालं. लग्नानंतर आमच्या रेशनकार्डावरून तिचं नाव मीच कमी करून घेतलं, नाव कमी केल्याचा दाखला काढून जावयाच्या हाती दिला. तिकडच्या कार्डावर नाव चढलं. फॉर्म भरताना मी समोर रेशनकार्ड ठेवलं होतं. त्यावर तीन नावं. मी, चांगुणा आणि बद्री. (बद्रीचं नाव अजून आहे. साखर मिळते.) जे नाव कार्डावर नाही ते सरकारी फॉर्मात लिहायचं कसं? एक माणूस दोन घरांत दाखवायचा, हे मी नोकरीत कधी कुणाला करू दिलं नाही.

याला तांत्रिक तफावत म्हणतात. चूक वेगळी.

१९ जानेवारी, रविवार
बद्रीचा फोन. म्हणाला, अण्णा, तुम्ही ताईला लिहिलंच न्हाई? मी रेशनकार्डाचं समजावून सांगितलं. मी म्हणालो, बोल, खर्चा होऊन राह्यला. मग म्हणाला, दुरुस्त फॉर्म पाठवा, सोबत तुमचं प्रतिज्ञापत्र, ताईचा जन्माचा पुरावा आणि ताईची सही. आणि ताईला नीट सांगा. सांगतो म्हणालो. नीट सांगणं हेच तर आयुष्यभर केलं.

संध्याकाळी चांगुणाला सांगितलं. अर्धंच सांगितलं होतं तेवढ्यात तिने विचारलं, "माझ्या बी फारमात?" म्हटलं, दोन्ही फॉर्म जुळायला पाहिजेत म्हणून तुझा माझ्यावरून उतरवला. ती म्हणाली, "तुमच्या फारमात तुम्ही कायबी लिव्हा. माझी लेक माझ्या फारमातून काढताना मला इचारलं व्हतं का?"

सही करताना तिनेच विचारायला पाहिजे होतं. बोललो नाही. भाजीत मीठ नव्हतं. तेही बोललो नाही.

२३ जानेवारी
योजना ठरली. द्वारकाला काही कळू न देता काम उरकायचं. तिला उगीच वाईट वाटायला नको.

आधी जन्माचा दाखला. नोंदच नाही. नोंद द्यायची बापाने, लिहून घ्यायची ग्रामसेवकाने. तेव्हा दोन्ही मीच होतो. पण रीतसर अर्ज कुणी केला नाही, तर नोंद होणार कशी? लोकांना हे कळत नाही.

मग शाळेत गेलो, टी.सी.ची दुसरी प्रत मागायला. क्लार्क अप्पाराव ओळखीचा. मुलीची जन्मतारीख विचारली. मी साल सहासष्ट सांगितलं. मग अडुसष्ट. तो म्हणाला, बद्रीनाथची सांगा बरं. सांगितली, तारीख-वारासकट. तो हसला. त्याचं हसणं मला आवडलं नाही. म्हणाला, प्रत पाहिजे तर तिला स्वतःला अर्ज करावा लागेल, पण असली टी.सी. तिच्याकडंच असंल की. नियम बरोबर आहे. त्याच्या जागी मी असतो तर हेच सांगितलं असतं, फक्त हसलो नसतो.

घरी चांगुणाला तारीख विचारली. म्हणाली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. पहाटं. तुम्ही मिटिंगला गेल्ते."

३० जानेवारी
अंकुशनगरला गेलो. द्वारका तिथे कारखान्याच्या कॉलनीत राहते. जावई तातेराव कारखान्यात काट्यावर आहे, उसाच्या गाड्या मोजतो. योजना बदलली आहे. सरळ सांगायचं, पण चहा झाल्यावर.

चहा झाला. मग जेवणानंतर सांगू म्हटलं. जेवण झालं. मग तिने मला आडवं करून डोळ्यांत थेंब टाकले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तिचं हे ठरलेलं, कारण मी घरी थेंब विसरतो. ऑपरेशनला औरंगाबादला मला तीच घेऊन गेली होती. बद्रीने पैसे पाठवले होते. डोळे मिटलेले असताना असलं काही बोलणं बरं दिसत नाही. उघडले तर गाडीची वेळ झालेली.

निघताना तिने दोन कानटोप्या दिल्या. स्वतः विणल्या आहेत, एक माझी, एक आईची. म्हणाली, अमेरिकेत थंडी लई असती म्हणं, बद्रीला कामातून ध्यान न्हाई ऱ्हायचं. बसमध्ये टोपी मांडीवर धरून बसलो. घालवेना. ऊनही होतंच.

६ फेब्रुवारी
पुन्हा अंकुशनगर. या वेळी मुद्दे कागदावर काढून नेले होते. एक, रेशनकार्ड. दोन, तांत्रिक तफावत. तीन, मनात काही आणू नये.

तिची सासू समोर बसून होती. मुद्दे खिशात राहिले. एवढंच सांगितलं, की अमेरिकेला जायच्या आधीचं सरकारी काम आहे, सतरा तारखेला घनसावंगीला तहसीलमध्ये ये, टी.सी. आणि दोन फोटो आण, एक सही लागते. तिने माझ्याकडे जरा पाहिलं. मग सासूकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. कशाची सही, हे विचारलं नाही.

समजदार मुलगी. ऐंशी टक्के काम झालं असं धरायला हरकत नाही.

१७ फेब्रुवारी
तहसील. टायपिस्ट भिवाकडून प्रतिज्ञापत्र इंग्रजीत टाइप करून घेतलं. मला रेशनकार्डाची कार्यपद्धती सविस्तर घालायची होती. भिवा म्हणाला, साहेब, त्या लोकायला रेशनकार्ड कळत न्हाई. 'इनअॅडव्हर्टंटली' टाका. याचा अर्थ नजरचुकीने. लांबलचक शब्द आहे, चूक त्यात फारशी दिसत नाही. टाकू दिला.

द्वारका वेळेवर आली. ठेवणीतली साडी नेसून. टी.सी. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराखाली. बाँडपेपर पाहून म्हणाली, "अण्णा, कुठं करू सही?" मी बोट ठेवलं. सातवीपर्यंत शिकलेली आहे, पण कागद इंग्रजी. पूर्ण नाव सावकाश लिहिलं. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, "मला कायबी नको, अण्णा. तुम्ही सुखानं जावा. बद्रीला म्हणावं, बहिणीनं हिस्सा सोडला, मनात बिलकुल कायी न्हाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिला वाटत होतं की हे हक्कसोड आहे. आमच्याकडे बाप लग्न झालेल्या लेकीला तहसीलला बोलावतो ते बहुतेक त्याचसाठी, जमिनीतला तिचा हिस्सा भावाला सोडून द्यायला. कागदावर लिहिलं होतं की ही माझी मुलगी आहे. आणि तिने सही केली होती ती मुलगीपणाचा हक्क सोडते आहे असं समजून.

मी लगेच सांगणार होतो. पण साहेब एक वाजता जेवायला उठतात आणि आमच्यापुढे दोन नंबर होते. म्हटलं, शिक्का होऊ दे. शिक्का झाला. मग म्हटलं, इथे लोकांत नको.

बाहेर आल्यावर तिला हिरवी साडी घेतली. वाईट वाटत होतं म्हणून घेतली, दुसरं काही नाही. हक्कसोड झाली की लेकीला साडीचोळी करतात, हे दुकानातून बाहेर पडल्यावर आठवलं. तोवर ती भर बाजारात माझ्या पाया पडली होती.

१८ फेब्रुवारी
सगळे कागद रजिस्टर पोस्टाने रवाना. आढावा घेतला. काम झालं. तिला खरं कळलं नाही, म्हणजे वाईटही वाटलं नाही. उलट भावासाठी काहीतरी सोडल्याचं समाधान तिला मिळालं. एकूण पाहता सगळ्यांच्याच हिताचं झालं.

झोप लागली नाही. डास फार आहेत. बिड्या किती ते लिहीत नाही.

१० मार्च
चांगुणा बाजारातून आली ती तोंड फुगवूनच. अंकुशनगरची एक बाई भेटली होती. तातेराव तिथे द्वारकाशी बोलत नाही. डबा नेत नाही, कॅन्टीनमध्ये जेवतो. सासू दारोदार सांगत फिरते, की आमची सून एका साडीवर बापाची जमीन सोडून आली, घरात कुणाला इचारलं बी न्हाई. द्वारका कुणाला काही उत्तर देत नाही म्हणे.

चांगुणाने विचारलं, कशावर सही घेतली? सांगितलं सगळं. ती एवढंच म्हणाली, "उद्या तुम्ही जाता का मी जाऊ?"

११ मार्च, सकाळ
जातो आहे. शांतपणे विचार केला तर ही आनंदाची बातमी आहे. जमीन जिथल्या तिथे आहे, तिचा हिस्सा शाबूत आहे. मी गेलो की भांडणच संपलं. पावशेर पेढे घेतले. प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स सोबत ठेवली आहे, पण दाखवायची वेळ येणार नाही. वर्णन तोंडीच करायचं.

११ मार्च, संध्याकाळ
खरं लिहायचं ठरलं आहे, म्हणून लिहितो.

तातेराव घरीच होता. मी जाताच सांगितलं की हक्कसोड झालेलीच नाही, तुमचा गैरसमज झाला. त्याचा चेहरा खुलला. सासूने स्वतः पाणी आणून दिलं. पेढ्यांचा पुडा फोडला. द्वारका आतल्या दारात उभी होती, तीही जरा हसली. मग तातेराव म्हणाला, "मंग मामा, सही कशाची व्हती?"

किरकोळ होतं म्हणालो. तो म्हणाला, बाँडपेपरवर किरकोळ नसतं. खिशातून कागद डोकावत होता, तो त्याने घेतला. मी नको म्हणेपर्यंत उघडलासुद्धा. त्याला इंग्रजी वाचता येतं. एकेक ओळ वाचून तो मराठीत सांगू लागला, मोठ्याने, आईला कळावं म्हणून. मी अमुक अमुक. माझ्या आणि माझ्या पत्नीच्या अर्जात. अपत्यांच्या रकान्यात. माझ्या मुलीचं नाव. तिथे त्याचा आवाज खाली आला. नजरचुकीनं ऱ्हायलं.

द्वारकाने विचारलं, "कोण्या मुलीचं?"

मी बोललो. रेशनकार्ड, नाव कमी केल्याचा दाखला, एक माणूस दोन घरांत दाखवता येत नाही, सगळं क्रमाने सांगितलं. मुद्दे पाठ होते. बद्रीचं नाव अजून कार्डावर कसं, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

ती म्हणाली, "मला वाटलं जमिनीचं हाये, अण्णा." मग म्हणाली, "जमिनीचंच असतं तर बरं झालं असतं."

आणि आत गेली. तातेरावने हातातला पेढा पुड्यात परत ठेवला. तीन आठवडे बायकोवर राग धरून बसलेला माणूस, तोही उठून तिच्यामागे आत गेला. सासूसुद्धा माझ्याकडे बघेना. मी चप्पल घातली आणि स्टँडवर आलो. मला लाज वाटली. ती फॉर्मची नाही, इंग्रजीची नाही, रेशनकार्डाची तर नाहीच नाही. फॉर्म भरताना मला ती आठवलीच नव्हती. कार्ड मी नंतर काढलं, पत्र आल्यावर.

७ एप्रिल
वकिलातीचं पत्र. दुरुस्ती मान्य. मुलाखतीची तारीख मे महिन्यातली. मी ओसरीवर बसून वाचलं. चांगुणा गहू निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "काय म्हणतेत?"

मी म्हणालो, आपल्याला दोन लेकरं आहेत, असं म्हणतेत.

"बरं झालं," ती म्हणाली. "त्यायला तरी कळलं."