उगवतीकडे झोपलेलं गवत

चोनबुरी,
बुधवार, १२ जून

वन्दीस,

प्रानोमताईकडून आशीर्वाद. पुढे ‘तू खुशाल असशील’ असं लिहायची रीत आहे. पण तू खुशाल नाहीस हे मला कळलंय, म्हणूनच पेन धरलंय. चौथीपुढे मी शाळा पाहिली नाही, तेव्हा चुका सोडून वाच. फोन केला असता, पण तू रडलीस की मी चिडणार आणि सांगायचं ते राहणार.

इकडे सगळं ठीक. पाऊस येतो, जातो, घाम तेवढा राहतो. मँगोस्टीन यंदा गोड आहेत. पत्राबरोबर टोपली पाठवलीय, सासूबाईंना दे.

काल बाजारात तुझी स्वयंपाकीण भेटली. म्हणाली, “बाईसाहेबांचं काही खरं नाही हो. रोज संध्याकाळी मागच्या हिरवळीवर साहेबांना गोल्फचा चेंडू कुठून वळत जाईल ती रेघ दाखवतात, रोज चुकतात. साहेब पाहुण्यांसमोर हसले, म्हणाले, म्हातारी झाली आमची कॅडी. शुक्रवारी बँकॉकला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाल्यात.” मग हळूच म्हणाली, “आईची नजर पन्नाशीत गेली ना त्यांच्या. तेच घेऊन बसल्यात. जेवत नाहीत.”

मी कोथिंबीर तिथेच टाकून घरी आले.

वन्दी, तुझे डोळे धड आहेत. हे आधी वाच, दोनदा वाच. बाकीचं नंतर.

तुझ्या मागच्या अंगणातली साहेबांच्या गोल्फसाठीची प्लास्टिकची हिरवळ मी बसवली, आणि काम चोख केलं हे कुणीही सांगेल. हातभर माती काढली, खडी तीन थरांत ठोकून बसवली, पाणी एका बाजूला जाईल असा उतार दिला. त्या उकाड्यात गोंद सुकेना. वाळू ताडपत्रीवर पसरावी तर तासाभरात ढग यायचे, पुन्हा ओली. ओली वाळू पात्यांत उतरत नाही, नुसती गोळे होऊन बसते. चार दिवसांचं काम अकरा दिवस चाललं. माझ्या माणसांच्या पायांना फोड आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या सासूबाई आणि शेजारची ती मोत्यांची माळ घालणारी बाई ओटीवर पंख्याखाली बसल्या होत्या. त्या बाईने विचारलं, “ही कोण गं? तुझ्याशी बोलत होती मघाशी.” तू म्हणालीस, “हिरवळवाली.” आणि मोलकरणीला हाक मारलीस, “त्यांना बर्फाचं पाणी द्या.”

त्यांना.

दोघी कॅडी होतो तेव्हा एका खोलीत सहा वर्षं झोपलो आपण. तुझ्या केसांतल्या उवा मी काढल्या. बाईंसमोर तुला कॅडीची ओळख नको होती, सासूबाई बसल्या होत्या, मला काय कळत नाही का? कळतं. पण ते पाणी मी प्यायले नाही.

त्यानंतर गवताचा रोल उलगडायची वेळ आली. सोंबून माझ्याकडे कामाला यायच्या आधी गोल्फच्या मैदानावर गवत कापायचा. तो म्हणाला, “बाई, पाती मावळतीकडे पाहिजेत ना? मैदानासारखी?”

मी म्हटलं, “रोल फिरव.”

“सूर्य तिकडे मावळतो, बाई.”

“मला शिकवू नकोस. फिरव म्हटलं ना.”

आता तुला कळलं असेल. आपल्या मैदानावर गवत मावळतीकडे झोपतं, चेंडू तिकडे ओढला जातो. पहिल्या आठवड्यात हे मीच तुला शिकवलं, तुझा तळहात धरून गवतावर फिरवला होता. पंधरा वर्षं तू तसंच वाचलंस. प्लास्टिकला सूर्याचं काय? ते आपण झोपवू तिकडे झोपतं. तुझं मी उगवतीकडे झोपवलं, वर वाळू घासून भरली, म्हणजे पाती उभी दिसावीत. नवख्या माणसाला यात काही कळणार नाही, तो आपला चेंडू मारत बसेल. फसणार ती कॅडीच. मला ते ठाऊक होतं.

बर्फाच्या पाण्यावर सगळं ढकलून इथेच थांबणार होते. पण ते खरं नाही.

विराटसाहेबांची बॅग मैदानावर आधी मी नऊ वर्षं उचलली. माझी आई वारली तेव्हा आठवडाभर गावी गेले आणि माझ्या जागी तुला उभं केलं. परत आले, आईसाठी भादरलेलं डोकं अजून तसंच होतं, तर सगळ्या मुलींसमोर ते म्हणाले, “प्रानोम, आता वन्दीच येऊ दे. तिची रेघ चुकत नाही.” तू खाली बघत होतीस. पुढे तू त्यांच्याशी लग्न केलंस त्याचं मला काही नाही. नवरा तुझा, घर तुझं, म्हातारीची बोलणी पण तुझी. मला जळवलं ते त्या एका वाक्याने. कारण ते खरं होतं. मी रेघ मोजून काढायची, तुला नुसती दिसायची. माझ्याकडून शिकलीस आणि माझ्या पुढे गेलीस, हे मी आजवर कुणाला बोलले नाही. तुझ्या लग्नात नाचले तेव्हाही जळत होते.

म्हणून तुझी रेघ चुकावी एवढंच हवं होतं मला. साहेबांनी हसावं, दोनचार वेळा. तू आईचे डोळे आठवून रात्री जागशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर थांबले असते का? माहीत नाही. खोटं लिहीत नाही.

उद्या सकाळी ऊन चढायच्या आधी चपला काढ आणि तळहात गवतावरून उगवतीकडे फिरव. गुळगुळीत लागेल. उलटा फिरव, बोचेल. मग चेंडू मार. बँकॉकला जायचं तर जा, तपासून घे, पण भिऊन जाऊ नकोस.

आणि हे पत्र साहेबांना दाखव. नुसतं ‘गवत चुकीचं बसलं’ म्हणालीस तर ते अजून हसतील. माझ्या हातचं वाचू दे त्यांना, सासूबाईंनाही वाचून दाखव. त्यांच्या ओळखीच्या तीन बंगल्यांची कामं माझ्याकडे आहेत, ती जातील. जाऊ देत. हिरवळ उखडून पुन्हा बसवायला मी येईन, तू फाटक उघडलंस तर. नाही उघडलंस तर सोंबूनला पाठवते, त्याला सगळं येतं.

अजून जळते मी. ते लिहून संपलं नाही.

तुझ्याइतकं जिला कधी दिसलं नाही, ती
प्रानोम