हगाम्यात मी जमीन झालो

तीर्थरूप आसाराममामा यांस,

भाचा अजिनाथचा साष्टांग नमस्कार (खरोखरचा साष्टांग गेल्या रविवारी गावासमोर घालून झालाय, ते पुढे येईलच). बनुमामींचा गुडघा कसा आहे? बेलापुरात उसाला पाणी मिळतंय ना? आमच्याकडे कर्जतला सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून. फोन केला नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि आवाज चढला की मी खोटं बोलतो. कागदावर तेवढा वेग येत नाही.

मामा, आमच्या यात्रेत कुस्त्यांच्या हगाम्यात माझ्यामुळे कल्याणचा खांदा दुखावला. पोलीस भरतीला त्याला गोळा टाकायचाय, दिवस दहा राहिलेत आणि उजवा हात कानाच्या वर जात नाही. एवढं आधी लिहून टाकतो, नाहीतर मी नेहमीसारखा स्वतःची बाजू मांडत बसेन.

बाजू अशी. कल्याण हा धनश्रीचा भाऊ. धनश्री म्हणजे जिच्यापायी मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं (घरी 'सरांशी पटलं नाही' असं सांगितलंय. सरांनी तिच्यादेखत मला वर्गाबाहेर काढलं, म्हणून रागाने मी कायमचाच बाहेर गेलो. तिला ते कळायला सव्वा महिना लागला). तेव्हापासून दुपारभर मोबाईलवर एक जुनी चिनी मारामारीची मालिका बघतोय, हिंदीत केलेली. त्यातला एक भाग माझ्या डोक्यात गेला. टकलू साधू गुहेत उपाशी बसतो. त्याचा गुरू मरून मालिकेचे चार भाग उलटलेले, तरी धुरातून येतो (कपडे मात्र इस्त्रीचे) आणि सांगतो, डोळे मीट, जमीन हो, जमिनीला कोण पाडणार? मग एक राक्षसासारखा गडी धावत येतो, साधू नुसता हात जोडून उभा, आणि तो गडी हवेलाच धडकून कोसळतो. हा भाग मी अकरा वेळा पाहिला. अकराव्या वेळी मलाही खोलीत धूर दिसला (आईने चुलीत ओल्या तुराट्या घातल्या होत्या, हे नंतर कळलं).

हगाम्यात कल्याण एक हात वर करून आखाड्याला फेरी मारत होता, जोड मागत. तुम्हाला काय सांगायचं, हातात हात दिला की जोड लागली. त्याच्या वजनाचं कुणी उठेना. समोर देवळाच्या पायऱ्यांवर बायका बसलेल्या, त्यांत मला हिरवी ओढणी दिसली, आणि मी उठून हात दिला. पंच म्हणाले, "आरं, वजान बघ की तुजं!" कल्याणच माझ्या कानाशी म्हणाला, "आज्या, बस खाली. उगं हसं व्हईल." मला वाटलं, भ्याला.

मामा, मी अंगाला माती लावली, डोळे मिटले, हात जोडले आणि जमीन झालो. लोकांना वाटलं पोरगं देवाचं नाव घेतंय, हलगीवालाही थांबला. कल्याण बिचारा माझं आटपायची वाट बघत उभा. शेवटी कुणीतरी ओरडलं, "आरं, झोपला का काय त्यो?" मग त्याने मला अलगद उचललं आणि पाठीवर ठेवलं. ठेवलंच, आपटलं नाही. मानेखाली त्याचा तळवा होता. डोळे उघडले तर वर आभाळ, सगळी यात्रा हसतेय, आणि हिरवी ओढणी तोंडाला लावलेली.

एवढ्यावर थांबलो असतो तर हे पत्र गमतीचं झालं असतं. पण कल्याण माझ्याकडे पाठ करून पंचांच्या पाया पडायला वाकला, आणि मी मागून धावत जाऊन त्याच्या उजव्या हाताला लोंबकळलो. दोघेही पडलो, खाली तो. हसणं बंद झालं. त्याने शिवी दिली नाही. खांदा धरून एवढंच म्हणाला, "घरी जा अजिनाथ. तुजी आई बसलीय तिथं." आई खरंच बसली होती. पदर तोंडावर ओढून, आपण याची कुणीच नाही अशी. तेव्हापासून ती ताट वाढते, पण 'जेव' म्हणत नाही.

एक्स-रेत हाड धड निघालंय. शीर आखडलीय म्हणतात.

आपला आज्ञाधारक (हे माझं मीच ठरवलंय),
अजिनाथ

ता. क. हिरवी ओढणी दुसऱ्याच कुणाची होती. धनश्री त्या दिवशी नगरला परीक्षेला गेली होती. तिने काहीच पाहिलं नाही. तिला सगळं भावाच्या तोंडून कळलं, आणि तिची मैत्रीण दिशा सांगते की कल्याणने तेही निम्मंच सांगितलं.

ता. क. दुसरा. खरं काम असं की तुम्ही वस्ताद, किती पैलवानांचे खांदे चोळून मोकळे केलेत. तुमचं तेल घेऊन या. एसटीतून उतरल्यावर आमच्याकडे नको, थेट कल्याणच्या घरी जा. माझं नाव काढू नका. सहज आलो म्हणा.

ता. क. तिसरा. पाकीट फोडून लिहितोय. बेलापूरहून कर्जतला सहज कुणी तेल घेऊन येत नाही, त्यांना कळेलच. त्यापेक्षा मी स्टँडवर थांबतो, मला बरोबर न्या. एकटा दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा त्यांच्या कुंपणापासून परत आलो. कल्याण 'आत ये' म्हणाला नाही तर बाहेर चपलांपाशी बसेन. तुम्ही फक्त पुढचा रविवार उजाडायच्या आत या. सोमवारी त्याला गोळा टाकायचाय.