अस्वल कोणाच्या नावावर?

चि. खटपट्यास,

आत्याचे भरघोस आशीर्वाद, आणि तुझ्या आतोबांचेही. (ते शिडीवर आहेत. तुला पत्र लिहिते आहे म्हटल्यावर त्यांनी वरूनच हात हलवला. तो आशीर्वाद होता की 'शिडी धर' म्हणत होते, ते उतरल्यावर कळेल.) तुझी तब्येत कशी आहे? नव्या ऑफिसातली खुर्ची पाठीला मानवली का? जेवणं वेळेवर होतात, की तिथेही दुपारचं ताट संध्याकाळी? इकडे आमचं बरं चाललं आहे. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प बसतो. आतोबांचा मोतीबिंदू अजून पिकायचा आहे असं डॉक्टर म्हणतात. दुकान जागच्या जागी आहे. राजांचे झगे, वकिलांचे कोट, पोस्टमनच्या टोप्या, भुतांच्या चादरी, सगळी मंडळी सुखरूप. अस्वलाचं मात्र विचारू नकोस. म्हणजे विचार, पण जरा दमानं.

तुझा मेल मिळाला, फोटोसकट. (फोटो अगदी मोठा करून पाहिला. छान आहे.) तुझ्या कंपनीत मोठं काम निघालं आहे, त्याला डेटाबेस कोणता घ्यायचा हे ठरवायला सोमवारी बैठक आहे, तू तिथे तुझ्या लाडक्या नॉन-रिलेशनल, म्हणजे बिनतक्त्याच्या, डेटाबेसची बाजू मांडणार आहेस, आणि तो निवडायची अक्कल तुला आहे याचा पुरावा म्हणून 'समाधानी ग्राहक' या नात्याने मी अर्धं पान लिहून द्यावं, असा एकूण मथितार्थ. ते अर्धं पान मिळालं तर काम तुझ्या हातात, नाही तर खुर्चीत बसून दुसऱ्याचं काम बघायचं. लेकरा, तुझा आजवरचा अनुभव म्हणजे आमचं नाटकाचे कपडे भाड्याने द्यायचं दुकान, एवढाच आहे हे तुझ्या साहेबांना सांगितलं आहेस ना? असो. मी लगेच लिहायला बसले. पण खोटं मला लिहवत नाही आणि खरं अर्ध्या पानात मावत नाही, म्हणून आधी हे पत्र.

तुझ्या आधी एक गृहस्थ दुकानात कॉम्प्युटर बसवायला आले होते, आठवतात? स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, बोलणंही इस्त्रीचं. त्यांनी एक मोठा तक्ता केला. प्रत्येक पोशाखाची एक ओळ आणि प्रत्येक ओळीला तेच रकाने: माप, रंग, कॉलर, बाह्या, बटणं. झग्यांपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग अस्वलाची पाळी आली. अस्वलाची कॉलर काय लिहू? ते म्हणाले, 'लागू नाही' लिहा. बटणं? लागू नाही. बरं मग मुंडकं, पंजे आणि शेपूट कुठे लिहू? तर म्हणे शेऱ्यात. म्हणजे रकान्यांत नुसतं लागू नाही, लागू नाही, आणि अख्खं अस्वल शेऱ्यात! आतोबांना तो अस्वलाचा अपमान वाटला. (ते त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलं आहे, आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. कापड माझ्या कोटासाठी आणलेलं होतं. कोट अजून यायचा आहे.) त्या गृहस्थांना चहा पाजून आम्ही निरोप दिला.

मग तू आलास. तू तेव्हा शिक्षणातून मोकळा झाला होतास आणि सगळ्याच अर्थांनी मोकळा होतास. तक्ते नकोतच म्हणालास, तुमचा माल रकान्यांत बसणारा नाही. इतकं समजूतदार वाक्य आमच्या घराण्यात फार दिवसांनी कोणी बोललं होतं. पण तक्त्यांशिवायचे डेटाबेसही पाच-पन्नास, आणि त्यातला कोणता घ्यायचा यावर तू दुकानात बसून जो खल केलास, तेवढा तुझ्या वडिलांनी तुझ्या आईला पसंत करतानाही केला नव्हता. (माझ्या भावाला मी ओळखते. तो पहिल्या भेटीतच हो म्हणून आला आणि नाव विचारायचं विसरला.)

एक प्रकार होता बिल्ल्याचा: बिल्ला दाखवा, पिशवी घ्या, पिशवीत काय आहे ते मला विचारू नका. तो मी नाकारला, कारण आमची गिऱ्हाइकं पहिल्यांदा बिल्लाच हरवतात. दुसरा होता दोऱ्यांचा: कोण कोणाच्या ओळखीचं, कोणी कोणाला पाठवलं, सगळ्यांना दोऱ्यांनी जोडायचं. तू कागदावर तसं काढून दाखवलंस, तेव्हा मांजराचं पिल्लू लोकरीत शिरल्यासारखं दिसत होतं. आणि कोण कोणाचं कोण हे मला विचारायला कॉम्प्युटर कशाला हवा? तिसरा बोचक्यांचा. तू त्याला डॉक्युमेंट म्हणायचास, पण होतं बोचकंच. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक, त्यात त्याचं नाव, फोन, नेलेले पोशाख, आणि वर ज्याला जे हवं ते कोंबावं. एका बोचक्यात शेपूट, दुसऱ्यात मुकुट, कोणाला कशाची सक्ती नाही. हा मला तिथल्या तिथे पटला. माझा संसार याच पद्धतीने उभा आहे.

आणि मग तू तो प्रश्न विचारलास. म्हणालास, आत्या, हा डेटाबेस घेताना एकच गोष्ट आधी पक्की सांगायची असते: तू त्याला रोज काय विचारणार? त्या हिशेबाने मी बोचकी बांधतो. नंतर भलतंच विचारलंस तर सगळी सोडून बघावी लागतील. मी तत्काळ म्हटलं, कोण आलं होतं आणि काय घेऊन गेलं. तू ते लिहून घेतलंस आणि खाली रेघ मारलीस. त्याच वेळी शिडीवरून आतोबाही काहीतरी सांगत होते. पण त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून आपण थांबलो नाही. (त्यांच्या तोंडात नेहमीच टाचण्या असतात. आमचा संसार शांततेत चालण्यामागे त्या टाचण्यांचा मोठा वाटा आहे.) नंतर कळलं ते असं, की मी गल्ल्यापाशी बसते म्हणून मला माणसं आठवतात, आणि ते मांडणीपाशी असतात म्हणून त्यांना कपडे आठवतात. त्यांचा रोजचा प्रश्न वेगळाच होता: अमुक पोशाख आत्ता कुठे आहे? तो तुझ्या कागदावर कधी उतरलाच नाही.

पण सुरुवातीला काय मजेत गेलं म्हणून सांगू! कोणीही दारात उभं राहिलं की मी त्याचं बोचकं उघडत असे. एका मास्तरांच्या बोचक्यात मी लिहून ठेवलं आहे, 'दोन मापं सांगतात, खरं तिसरंच असतं.' एका हौशी नटाच्या बोचक्यात, 'मरायचा प्रसंग असेल तर मळखाऊ कपडे द्यावेत, फार लोळतो.' हे लिहायला त्या इस्त्रीवाल्यांच्या तक्त्यात जागा मिळाली असती का? तेवढ्यापुरते तुला पैकीच्या पैकी गुण.

आता अस्वल. बालनाट्यवाल्या दिग्दर्शक बाई आल्या. त्यांचं नाटक झोप न येणाऱ्या अस्वलाचं, म्हणजे अस्वल नसेल तर नाटकच नाही. आतोबा आत गेले आणि तसेच परत आले. खुंटी रिकामी! मी कॉम्प्युटरला विचारलं, अस्वल कोणाकडे? तर तो मलाच विचारतो, कोणतं गिऱ्हाईक? अरे, ते माहीत असतं तर तुझ्या दारात कशाला आले असते? शेवटी एकेक बोचकं सोडत बसले. न्यायाधीशाचा हरवलेला टोप सापडला, राजाचे दोन जोडे एकाच पायाचे गेल्याचं कळलं, अस्वल मात्र कोणाच्याच नावावर नाही. तेव्हा तुला फोन केला. तुझ्याकडे बटणं बडवल्याचा आवाज येत होता. तू इथला सगळा कारभार तिथून पाहिलास आणि म्हणालास, 'आत्या, कोणीच नेलेलं दिसत नाही. म्हणजे दुकानातच असणार. तुमच्याकडे अस्वल होतं ना नक्की?'

खटपट्या, तू ते सहज म्हणालास. पण फोन मोठ्या आवाजावर होता आणि आतोबांनी ते ऐकलं. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. त्यांना वाटलं, आपणच कोणाला तरी दिलं आणि विसरलो. तेव्हापासून कित्येक दिवस त्यांनी शिडीला हात लावला नाही. कुलूप लावलं की नाही ते मला विचारायचे, चहा घेतला की नाही तेही मलाच. चांगला पोलादी स्मरणशक्तीचा माणूस स्वतःवर असा शंका घ्यायला लागला की बघवत नाही. मला तुझा रागही आला, आणि तू इथे नाहीस याचं वाईटही वाटलं. दोन्ही एकदम.

बाईंचा प्रयोग अडू नये म्हणून आम्ही सिंहाची आयाळ उतरवून त्याला सशाचे कान कापून लावले. पडदा उघडताच पुढच्या रांगेतली पोरं ओरडली, 'कुत्रा!' बाई खमक्या. त्यांनी विंगेतून नटाला वाक्य पुरवलं, 'सगळे मला कुत्रा म्हणतात, म्हणूनच मला झोप येत नाही!' पोरांनी टाळ्या पिटल्या. निभावलं. पण येत्या रविवारी संध्याकाळी स्पर्धेचा प्रयोग आहे. परीक्षक ओरडत नाहीत, ते गुण कापतात, असं बाईंचं म्हणणं. त्यांना खरंच अस्वल हवं आहे, आणि ते मी द्यायचं कबूल करून बसले आहे.

तेव्हा सोमवारी साहेबांना काय सांगायचं ते तूच ठरव. बोचक्यांचा डेटाबेस वाईट नाही. आमच्यासारख्या अघळपघळ मालाला तोच बरा. फक्त निवडण्याआधी गल्ल्यावरच्या माणसाला विचाराल ते शिडीवरच्यालाही विचारा, आणि त्याच्या तोंडातल्या टाचण्या निघेपर्यंत थांबा. एवढं बोलून माझं भाषण संपलं. पत्र उद्या कुरियरने हातात पडेल. अंगावर काढू नकोस, पाणी पीत जा.

तुझी ग्राहक (समाधानी की कशी, ते खाली पाहा) आणि त्याआधीपासूनची

आत्या

ता. क. शिफारसपत्र लिहून तयार आहे. बरोबर अर्धं पान. त्यात तुझी इतकी स्तुती आहे की वाचताना मलाच संशय आला. सही करून गल्ल्याच्या खणात कुलपात ठेवलं आहे.

ता. क. २. तुझ्या फोटोबद्दल राहिलंच. 'बघ आत्या, माझी नवी जागा' असं तू लिहिलं होतंस, म्हणून नीट बघितली. तुझ्यामागे कपाटावर, कानांना हेडफोन लावून जे मुंडकं बसलं आहे, ते मी आतोबांना भिंग देऊन दाखवलं. डाव्या कानाचा टाका त्यांनी लगेच ओळखला (तपकिरी दोरा संपला म्हणून तिथे काळा घातला होता). टाचण्या तोंडात धरल्या आणि सरळ शिडी चढले. मग मलाही आठवलं: पोशाख जातो कसा आणि येतो कसा हे बघायला तू एक खोटं गिऱ्हाईक तयार केलं होतंस, त्याच्या नावावर अस्वल दिलं होतंस, तुझ्या मित्रांनी निरोपाच्या दिवशी ते घालून नाचही केला होता (तिथूनच ते तुझ्या सामानात गेलं असणार), आणि जाताना 'कचरा साफ करतो' म्हणून तू ते खोटं गिऱ्हाईक पुसून टाकलंस. बोचकं गेलं, त्यातलं अस्वलही गेलं. तुझ्या डेटाबेसने आपलं काम चोख केलं रे. मला फोनवर 'अस्वल होतं ना नक्की' विचारत होतास तेव्हा ते तुझ्या पाठीशीच बसलेलं असणार. काखेत कळसा म्हणतात तो हा. मुद्दाम केलं नाहीस हे मला ठाऊक आहे. पण धड कुठे आहे? पाय पुसायला घेतलं नाहीस ना?

ता. क. ३. आता खरं काम. तुझ्या नावाचं नवं बोचकं मी बांधलं आहे: 'खटपट्या. अस्वल एक, मुंडक्यासकट. परत येणे: रविवारी दुपारच्या आत.' इकडून अस्वल, तिकडून शिफारसपत्र. पार्सलने पाठवायचं नाही. पार्सलमध्ये तू मावत नाहीस.

ता. क. ४. आतोबा उतरले. मघाशी हात हलवला तो आशीर्वाद नव्हता, 'शिडी धर' असंच म्हणत होते. माझ्या गुडघ्याने ते होत नाही. ये आणि तूच धर.