मणी मशीनच्या तोंडाशी

बाबा, आईच्या उशाशी एक मशीन आहे आणि मला त्याची भीती वाटते. हॉस्पिटलमधून तिला घरी सोडलं, तेव्हा ठोके दाखवणारं हे मशीन आम्ही भाड्याने आणलं. डॉक्टर म्हणाले, "अलार्म बजे तो सोचना मत, सीधा ले आना." पहिल्याच दिवशी वाजलं. मी धावत गेले तर आकडा भलतीकडेच, आणि आई निवांत मटार सोलतेय. दादाचा गुरुग्रामहून फोन येत होता आणि माझा मोबाइल मशीनच्या वायरीवरच पडलेला. तो उचलून लांब नेला, आकडा जागेवर आला. तेव्हापासून ते वाजलं की मी आधी फोन शोधते. फोन जवळपास सापडतोच, मग मी डॉक्टरांना काही कळवत नाही. पण परवा वाजलं तेव्हा फोन स्वयंपाकघरात होता. मी मनाची समजूत घातली, शेजारच्यांचा असेल, भिंतीपलीकडून.

मयूर विहारच्या घरात मी कॉम्प्युटर लावला की तुमच्या रेडिओवरच्या मराठी बातम्यांत घरघर सुरू व्हायची. तुम्ही नोएडाच्या फॅक्टरीत टेस्टिंगला होतात. एका संध्याकाळी खिशातून घरघर अडवणारा फेराइटचा मणी काढलात, काळा, जड, डबीसारखा उघडणारा. मी तो कॉम्प्युटरच्या वायरीच्या मधोमध बसवला, तिथे बरा दिसत होता. तुम्ही भडकलात. "शोभेला आणलाय का? अगं, वायर म्हणजे एरियलच. लहरींचा कचरा शिरतो-निघतो त्या तोंडाशीच अडवायचा. मशीनजवळ लाव, आणि वायरीचा एक वेढा दे." आई ओट्यापाशी हसतेय, "संपल्या बातम्या. आता लावा काय लावायचं ते." पुढे मी नोकरीला लागले, तेव्हा तसाच एक मणी तुम्ही माझ्या पर्समध्ये टाकलात.

काल तो ड्रॉवरमध्ये सापडला. कितीतरी वेळ हातात घेऊन बसले, लावला नाही. लावल्यावरही मशीन वाजलं, तर फोनवर ढकलता येणार नाही, बाबा. आई बघत होती. "त्यांचाच ना तो? मग लाव की." म्हटलं, चहा झाला की लावते. चहा झाला, भांडी झाली. शेवटी लावला, मशीनच्या तोंडाशी, वेढा देऊन. दादाला फोन करायला सांगितलं आणि मोबाइल वायरीवर ठेवला. तो वाजत राहिला, आकडा हलला नाही. आई म्हणाली, "बघ, उगाच घाबरत होतीस." मला मात्र परवाचा अलार्म आठवला.

हे पत्र मी कुठे धाडणार? पण एक गोष्ट दादालाही सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. आज सकाळी आईचे डोळे मिटलेले होते, तेव्हा मी तो मणी हळूच काढला. ती जागीच होती. तिने हात पुढे केला, मणी घेतला आणि स्वतः बसवायला गेली. तिच्या बोटांत जोर नाही, डबी मिटेना. मग दोघींनी मिळून मिटवली.

"आता वाजलं की नेशील ना मला?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. गाडीची किल्ली तेव्हापासून माझ्या मुठीत आहे.