पळसाच्या पानांचा माणूस

गुरुजी,

ती बाई गेल्या मंगळवारी गेली. कोणती, हे तुम्ही विचारणार नाही, कारण तिच्यावरूनच तुम्ही मला शेवटचं रागावलात, आणि तुमच्या रागाची तिथी, वार, नक्षत्र तुमच्या लक्षात पक्कं राही. या वेळी मृत्यूबद्दल कुणालाच शंका नव्हती. घरात, खाटेवर, मुलगी उशाशी असताना गेली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या बाबतीत एवढी सोय झाली असती, तर मी आज कुठे असतो कोण जाणे. बहुधा पेणला, तुमच्याच ओटीवर, अजून विचार करत.

सत्ताविसाव्या वर्षी माझी काय अवस्था होती, आठवतं ना? याज्ञिकी तुमच्याकडे शिकून झाली होती, संस्कृत घेऊन एम.ए. झालो होतो, बी.एड.चा अर्ज भरून ट्रंकेत ठेवला होता आणि मुंबईच्या मामाला ‘विचार करून कळवतो’ असं तीन वर्षं कळवत होतो. भटजी व्हायचं की मास्तर की कारकून, याचा निश्चय होत नव्हता, आणि निश्चयाशिवाय पाऊल उचलणं मला अडाणीपणाचं वाटे. तुम्ही स्वयंपाकघरात निखाऱ्यावर पोह्याचे पापड भाजत असता. माझ्याकडे न बघता म्हणता, “अरे, संकल्पाचं पाणी तळहातावर घेऊन किती वर्षं बसणार? सोड की ताम्हनात. हात नाही अवघडला तुझा?” मी शहाणपणाने म्हणतो, “निश्चय झाल्याशिवाय संकल्प कसा सोडायचा, गुरुजी?” तुम्ही पापड उलटता. “झाला की सांग हो. तोवर विहिरीवरून एक कळशी आण.”

माघ उतरत होता तेव्हा रोह्याकडून तो निरोप आला. नदीकाठच्या एका गावातली बाई. नवरा धाटावच्या कंपनीत कामाला. श्रावणात एका सकाळी कंपनीची बस चुकली म्हणून हा पहिल्या शिफ्टला सायकलवर निघाला. कुंडलिकेचं पाणी खालच्या पुलावरून जात होतं. दुसऱ्या दिवशी सायकल कठड्यात अडकलेली सापडली, माणूस सापडला नाही. सहा महिने झाले, आता त्याची क्रिया करून द्या, असं बाईचं म्हणणं. जवळच्या भटजींनी हात वर केले होते. तुम्हीही केलेत. ज्याचं मरण कुणी पाहिलं नाही त्याची बारा वर्षं वाट पाहायची, मगच पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, तुम्ही मला हे पुन्हा एकदा नीट सांगितलंत आणि म्हणालात, “तू जा. तिला समजाव. कठोर बोलू नकोस मात्र.” मी आनंदाने एस.टी.त बसलो. काही करायचं नाही, असं ते माझ्यावर सोपवलेलं पहिलंच काम होतं.

अंगणात पानांचा ढीग होता. धुऊन, पुसून, देठाला देठ लावून ठेवलेला. “तीनशे साठ लागतात म्हणं,” ती म्हणाली. “मी चारशेच्या वर आणलीत. थोडी किडकी निघतील.” पलीकडे तिचा दीर ओट्याला टेकून उभा होता. तो मला म्हणाला, “भटजी, उगाच बसू नका. माझा भाऊस जित्ता हाय. कोलाडला हॉटेलात भजी खाताना पायलाय लोकांनी.”

“मग घेऊन या ना, भावजी,” ती पानांवरचा हात न काढता म्हणाली. “सहा महिन्यांत भजी खाऊन झाली असतील.”

मी घसा साफ केला आणि बारा वर्षांचं शास्त्र सांगितलं. कठोर बोललो नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

“बारा वर्सं? भटजी, साडेतीनला कंपनीची बस येते. हॉर्न वाजला का मी दारात जाऊन उभी ऱ्हाते. चुलीवर भात उतू गेला तरी. रोज. कपाळावर कुंकू हाय ना, मग उभं ऱ्हायला लागतं. बारा वर्सं उभी ऱ्हाऊ? मला बसायचं हाय.” मग मला निरखून बघत, “तो हाय का नाय, तुमाला तरी नक्की ठावं हाय काय?”

“नाही,” मी म्हणालो.

“मला पण नाय. मग?”

गुरुजी, त्या ‘मग’चं उत्तर तुम्ही शिकवलेल्या कुठल्याच ग्रंथात मला आठवलं नाही. मागच्या माळावर पळस पानं टाकायला लागले होते. आठवड्याभरात ते बोडके झाले असते आणि मी ओटीवर पोचून विचारात पडलो असतो. मी सदरा काढला आणि दर्भ मागितला.

नदीवर डोक्याला नारळ, त्यापाशी चाळीस पानं, गळ्याला दहा, असं करत माणूस तयार झाला. दोऱ्याने बांधला, जवाच्या पिठाने लिंपला. हातांना सगळं येत होतं. गडबड डोक्यात होती. मधेच एका जागी मंत्र अडला तो अडलाच. समोर कुंडलिका होती, म्हणून मी ‘नदी’ हा शब्द सातही विभक्तींत खणखणीत चालवला. मंडळींनी हात जोडलेले होते. दीर लांब उभा राहिला, पुढे आला नाही, तेव्हा अग्नी तिनेच दिला. खरा माणूस जळायला तीन तास घेतो. हा चहाला उकळी येईपर्यंत संपला. घरी परतल्यावर ती कुंकू पुसून उंबऱ्यावर बसली. साडेतीनला हॉर्न वाजला. तिचे दोन्ही गुडघे हलले. तिने ते हातांनी धरून ठेवले आणि उठली नाही.

मी हे सगळं तुम्हाला सांगितलं, विभक्ती वगळून. तुम्ही जेवत होतात. हात पानातच राहिला.

“तो उद्या दारात येऊन उभा राहिला तर? जिवंत माणूस जाळलास तू. निश्चय झाला होता तुझा?”

“नाही.”

“मग कशाच्या जोरावर केलंस?”

इतकी वर्षं पाणी सोड म्हणून तुम्हीच मागे लागला होतात. सोडलं, तर कुठे सोडलंस म्हणून रागावलात. हे तेव्हा सुचलं असतं तर तुम्ही कदाचित हसलाही असतात. तुम्ही म्हणालात, “तो आला तर त्याला तोंड द्यायला तू तिथे असायला हवास. जा.” रागात बोललात बहुतेक. मी तो पत्ता समजलो आणि रोह्याला नदीजवळ एक खोली बघितली. चार दिवसांसाठी. माझ्या आयुष्याची दिशा कशी ठरली, असं शाळेतली मुलं निबंधासाठी विचारतात, तेव्हा त्यांना काय सांगू? दिवसाला संस्कृतचे दोन तास मिळाले, बाकी दहावे आणि तेरावे. जिवंत माणूस जाळलेल्या, किंवा न जाळलेल्या, भटजीला लग्नाला कोण बोलावणार? माझ्या स्वतःच्याही लग्नाला कुणी बोलावलं नाही.

पत्र तुम्ही एकही पाठवलं नाहीत. पण दर पाडव्याला पेणच्या गाडीचा कंडक्टर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नवं पंचांग माझ्या हातात देई. आत श्रावणातल्या त्या एका तिथीवर पेन्सिलीची बारीक खूण. मला टोचायला केलीत की तुम्हीही माझ्याबरोबर वर्षं मोजत होतात, हे मी कधी विचारलं नाही. नऊ पंचांगं आली. दहाव्या वर्षी कंडक्टर मोकळ्या हाताने आला आणि त्यानेच सांगितलं. उरलेली तीन वर्षं मी खुणेशिवाय काढली. बारा पूर्ण झाली त्या दिवशी शास्त्र माझ्या बाजूने झालं. ते सांगायला तुम्ही नव्हतात, आणि दुसऱ्या कुणाला त्यात रस नव्हता.

मंगळवारी अंगणात गेलो तर दीर ओट्यावर बसलेला. दात गेलेत त्याचे. मला बघून काठी टेकत उठला. “भटजी, आता तुमीच सांगा. हिरवं लुगडं नेसवायचं का नाय?” सवाष्ण गेली तर हिरवं. सगळे माझ्याकडे बघत होते. त्याच्या हातात हिरवं लुगडं होतं, घडी न मोडलेलं. कधी आणून ठेवलं होतं कोण जाणे. मी म्हणालो, “पांढरं.” “मंग मेलाच म्हणायचा तो,” तो म्हणाला, आणि लुगड्यात तोंड खुपसून भावासाठी रडायला लागला. अठ्ठावीस वर्षांनी. बायका वहिनीसाठी रडत होत्या, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

हे पत्र टाकायचं कुठे? तुमच्या घरात आता पुतण्या गणपतीचे साचे ठेवतो; कागद त्याच्या हाती लागला तर लगद्यात जाईल. म्हणून न पाठवताच एक सांगून टाकतो. तो परत येईल या भीतीने मी बारा वर्षं इथे राहिलो, असं गाव समजतं, आणि तुम्हीही तसंच समजून गेलात. मी समजू दिलं. खरं म्हणजे मी त्याची वाट बघत होतो. कोलाडला तीनदा उतरून हॉटेलातल्या माणसांची तोंडं बघून आलो. तो यावा, माझं चुकलं असं चारचौघांत सिद्ध व्हावं आणि मला पुन्हा तुमच्या ओटीवर येऊन बसता यावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी तिला पुन्हा दारात उभं राहावं लागलं असतं, हे त्या बारा वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. मंगळवारी आलं.