दोन्ही टाचा टेकल्या पाहिजेत

प्रिय लंबू,

समोर बसून सांगायला गेलो असतो तर तू मध्येच हसला असतास आणि मीही विषय बदलला असता, म्हणून लिहितो आहे. दुकानात गिऱ्हाईक नाही. चष्म्याचा नंबर तपासायच्या तक्त्याखाली बसलोय.

सरळच सांगतो, तुझी ती नवी मोटारसायकल माझ्या डोळ्यांत खुपत होती. खरं तर गाडी नाही, तो दातांचा डॉक्टर खुपत होता. कॉलेजात असल्यापासून ठरलेलं ना आपलं, की लांब पल्ल्याची एक दणकट गाडी घ्यायची आणि समुद्र दिसेपर्यंत जायचं, अर्धा रस्ता तू, अर्धा मी? किती वर्षं माझ्या काउंटरवर माहितीपत्रकं पसरून भांडलो आपण. तुला मोठं इंजिन हवं, मला मोठी टाकी. आणि घ्यायची वेळ आली तेव्हा तू बरोबर कोणाला नेलंस, तर सहा महिन्यांपूर्वी ओळख झालेल्या, लोकांचे दात उपटणाऱ्या माणसाला. शोरूमच्या काचेतून पाहिलं मी. तो ऐटीत गाडीवर बसला होता आणि तू, सव्वासहा फुटी माणूस, ओणवा होऊन त्याच्या टाचा जमिनीला टेकतात का ते बघत होतास. दुसऱ्या गाडीवर बसवलंस, परत वाकलास. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्यासमोर तू कधी पडलेलं पेन उचलायलाही वाकला नाहीस.

नंतर तू येऊन म्हणालास, गाडी घेतली, एक बारीकसं काम राहिलंय, झालं की दाखवतो. मी अभिनंदन म्हटलं, तेही चष्म्याचा स्क्रू आवळता आवळता. पुढच्या रविवारी तू परत आलास तो पडलेल्या चेहऱ्याने. वहिनींना कोणीतरी भीती घातलीय, त्या ऐकायलाच तयार नाहीत, गाडी विकून टाकतो म्हणालास. मी म्हटलं, जाऊ दे रे, आपलं वयही झालं. लाज वाटते लिहायला, पण त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

आज सकाळी गाड्यांच्या गाद्या शिवणारा कारागीर आला होता, जवळचं दिसत नाही म्हणून. काच घालून दिली आणि म्हटलं, खिशात काही असेल तर वाचून बघा. त्याने एक चिठ्ठी काढली आणि मोठ्याने वाचली. फोम दोन इंच तासणे. माप डॉक्टरांचे घेतले आहे, उंची तीच. टिल्लूच्या दोन्ही टाचा टेकल्या पाहिजेत. त्याला कळू देऊ नये. अक्षर तुझं, आणि टिल्लू म्हणणारा जगात तू एकटाच. तो बिचारा वर म्हणाला, गिऱ्हाईक ताडमाड आहे, या गादीवर बसलं तर गुडघे हँडलला लागतील, पण ऐकेल तर शपथ. मी नुसतं विचारलं, अक्षर स्पष्ट दिसतंय ना.

तुझ्या जुन्या स्कूटरवर माझे पाय पुरले नव्हते आणि भर चौकात तुला घेऊन आडवा झालो होतो, ते तुझ्या लक्षात असेल असं वाटलं नव्हतं. तेव्हापासून मागेच बसत आलो आणि मला मागेच आवडतं असं सांगत आलो. तू त्या डॉक्टरला मोजपट्टी म्हणून नेलं होतंस, आणि मी त्याच्यावर जळत बसलो.

लंबू, वहिनींना भीती मी घातली. वाचायचा चष्मा न्यायला आल्या होत्या तेव्हा. त्यांच्या भावाचा पाय गाडीखाली कसा गेला ते मला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच सहज बोलल्यासारखं बोललो, की एवढं धूड या वयात कललं तर दुसरं काय होणार. त्यांनी चष्मा लावूनही पाहिला नाही, तसाच पर्समध्ये टाकला. आता दुकान बंद करून त्यांच्याकडेच निघालोय, हे सगळं तोंडाने सांगायला. हे पत्रही त्यांच्याच हाती देईन. तोवर गाडी विकू नकोस. आणि वाचून झाल्यावर मला न्यावंसं वाटलं नाही, तर डॉक्टरला ने. टाचा त्याच्याही टेकतात.

तुझाच,
टिल्लू