क्रीम न लावता बूथमध्ये

१२ जानेवारी

आज माझ्या रंगाच्या गनखालून गेलेला एकही बंपर तपासणीतून परत आला नाही. कामत सर (पेंट शॉपचे सुपरवायझर) म्हणाले, "वैशाली, रोबोटला तुझ्याकडे ट्रेनिंगला पाठवू का?" म्हटलं, पाठवा, आधी हात धुऊन यायला सांगा त्याला.

बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीत, रोबोटचा हात जिथे पोचत नाही तिथे मी. खालची कड, दिव्याचा कोपरा. आमच्या शिफ्टला गन धरणारी बाई मी एकटी. बाकीच्या मास्किंगला (रंग नको तिथे टेप लावायला) नाहीतर पॅकिंगला. हे मी नाही लिहिणार तर कोण लिहिणार?

घरी आल्यावर मात्र कोपराच्या वळीत आग. मानेला, गुडघ्यामागे तेच. एक्झिमा लहानपणापासूनचा, पण ही थंडी काही औरच निघाली.

१३ जानेवारी

सचिन विचारतो, एवढं खाजवतेस तर कामावर क्रीम का लावत नाहीस? लग्नाला एवढी वर्षं झाली आणि नवऱ्याला अजून बायकोचं काम माहीत नाही. परत सांगितलं. पेंट शॉपात क्रीम नाही, केसाला तेल नाही, सेंट नाही. सिलिकॉनचा कण जरी उडाला तरी तिथून रंग बाजूला सरतो आणि गोल खड्डा पडतो. क्रेटर. अख्खा बंपर वाया. माझ्या कातडीला जे हवं तेच रंगाला चालत नाही, म्हणून क्रीम फक्त घरी आल्यावर.

१९ जानेवारी

क्रेटर. एक-दोन नव्हे, लागोपाठ. लाइन थांबली. हवेचे फिल्टर बघितले, रंगाचा डबा बदलला, सगळ्यांचे खिसे तपासले. नितीन, जो माझ्या शेजारच्या बूथमध्ये असतो, हळूच म्हणाला, "ताई, तुमच्या मलमाचं बघा ना एकदा." सगळ्यांसमोर. माझं मलम बाहेरच्या लॉकरमध्ये असतं आणि ते नितीनलाही माहीत आहे. असं बोलले त्याला की दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही त्यानं.

पण खड्डे माझ्याच बूथमध्ये जास्त होते. हेही खरं.

२० जानेवारी

सापडलं. देवा रे.

बूथच्या कोटाखाली आम्ही एक सुती सूट घालतो. तो कंपनीच्या लाँड्रीत धुतात, पण तिथल्या पावडरीनं माझी मान सोलून निघते. म्हणून परवानगी काढून माझा सूट मी घरी धुते. आज गॅलरीत वाळत घातला होता, घडी करायला घेतला तर मोगऱ्याचा वास. आत्याबाईंना (सासूबाईंना) विचारलं. म्हणाल्या, "व्हय, म्याच टाकलं थोडं. कपडं मऊ करायचं औषध. तुझ्या अंगाला टोचतंय म्हणून. वरच्या मजल्यावरच्या म्याडम टाकत्यात."

त्या औषधात सिलिकॉन. मायेनं टाकलंय, आता काय बोलणार. त्या मला विचारतायत, "मऊ झाला का न्हाई?" म्हटलं, झाला, लोण्यासारखा झाला.

२१ जानेवारी

कामत सरांना मीच जाऊन सांगितलं. आधी हसले, मग हसायचे थांबले. "सांगितलंस ते बरं केलंस. पण यापुढे घरी धुतलेला कपडा बूथमध्ये नाही. कुणाचाच." बरोबर आहे. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. नितीनची माफी मागितली नाही. तो मलम म्हणाला होता, मलम नव्हतं.

२५ जानेवारी

कंपनीत धुतलेला सूट घालून बघितला. मानेतून पाणी यायला लागलं, कॉलर चिकटली. उद्या झेंडावंदन, परवापासून पॅकिंगला. कातडी सुधारली तर परत बूथ, असं सर म्हणाले. बंपरला पिशव्या घालायच्या, टेप लावायची. नितीनकडे माझी गन.

वाईट वाटलं. खूप वाटलं. बसमध्ये आमचं रहाटणी येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे. मागे पॅच टेस्ट केली होती, रंगाची ॲलर्जी नाही. नोकरी सोडा असं म्हणतील म्हणून भांडायची तयारी करून गेले होते, त्या म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, वरून लावायचं पुरे झालं, आता पोटातून. मी म्हटलं, जे जे आहे ते सगळं सांगा, मी तुलना करणार. सांगितलं बाईंनी, नीट वेळ देऊन.

स्टिरॉइडच्या गोळीनं लगेच स्वर्ग, पण सोडली की दुप्पट उसळतं. ते मी गल्लीतल्या डॉक्टरच्या कृपेनं भोगलंय, नको. सायक्लोस्पोरिन लवकर गुण देतं, पण बीपी आणि किडनीवर डोळा ठेवायचा, आणि कायमचं घेता येत नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, पण गुण यायला दोन-तीन महिने, लिव्हरची तपासणी, आणि दिवस राहिलेले अजिबात चालत नाहीत. (एक लेक आहे, ओवीनंतर बस, म्हटलं. तरी काळजी घ्यायचीच, म्हणाल्या.) मग इंजेक्शन, दर दोन आठवड्यांनी. रक्ताच्या तपासण्या कमी, कुणाकुणाचे डोळे लाल होतात. किंमत ऐकून सचिन टेबलावरचं कॅलेंडर वाचायला लागला, कंपनीच्या विम्यात ते बसत नाही. शेवटी त्या नव्या गोळ्या. खाज म्हणे काही दिवसांतच थांबते, पण आधी टीबीची तपासणी, नागीण उठू शकते, क्वचित रक्ताच्या गुठळ्या.

विचारलं, यात सगळ्यात चांगलं कुठलं? म्हणाल्या, "कुणासाठी?" मग म्हणाल्या, घाई असेल तर सायक्लो.

मला घाई आहे.

४ फेब्रुवारी

आत्याबाई: "सोड की ती कंपनी. खोल्यांचं भाडं येतंय, पोराचं दुकान हाय. आपल्याला काय कमी हाय?"

कमी काहीच नाही. पण खोल्या मामंजींनी बांधल्या, दुकान सचिननं टाकलं. बंपर मी रंगवते. एवढं बोलले. त्यांनी चहा टाकला दोघींचा.

२६ फेब्रुवारी

सायक्लो लागू पडली. रात्रभर झोपते. ओवी म्हणाली, "आई, तू आता रात्री करकर खाजवत नाहीस." मला माहीतच नव्हतं की तिला ऐकू जायचं.

१६ मार्च

बीपी वाढलं. डोस कमी केला, तरी वरच. बाई म्हणाल्या, बंद. एवढं छान चाललेलं. रिक्षात सचिनवर उगाच चिडले, तो बिचारा पाण्याची बाटली धरून बसलेला.

आज दवाखान्यात एक भेटली, पिंपळे सौदागरची, आयटीवाली. ती इंजेक्शनवर आहे. हात इतके स्वच्छ की मला हेवा वाटला, खोटं कशाला लिहू. डोळे तिचे सारखे पाणावतात, थेंब घालते म्हणाली. मी काय करते विचारलं तिनं. सांगितल्यावर म्हणाली, "म्हणजे गाडीचा रंग माणूस मारतो?" तिची गाडी कुठली ते विचारून घेतलं. आमच्याकडचाच बंपर. म्हटलं, खाली गेल्यावर दिव्याचा कोपरा नीट बघा.

२२ मार्च

आता मेथो. वार कुठला ते आपण ठरवायचं, पण एकदा ठरला की बदलायचा नाही. मी बुधवार धरला. आमची सुट्टी गुरुवारी, मळमळलं तर सुट्टीत मळमळू दे. पाकीट आत्याबाईंनी ताब्यात घेतलंय. बाईंनी बजावलंय ना, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतेल. "ऐतवार न्हाई, सोमवार न्हाई, फकस्त बुधवार," जप केल्यासारखं म्हणतात. बाकीच्या दिवशी फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी, तीही त्याच देतात.

१२ एप्रिल

काही फरक नाही. गुरुवारी दिवसभर तोंडाला चव नाही, घरात मटण आणि मी दहीभात.

नितीनच्या कोपऱ्यांत रंगाचे ओघळ येतात. पिशवी घालताना दिसतात. मी गप्प बसते.

बरं, नाही बसले. जेवणाच्या सुट्टीत त्याला सांगितलं, मनगट वळवताना थांबतोस तू, तिथे रंग साठतो. म्हणाला, "ताई, तुम्ही लवकर या ओ." मग मलाच मेल्यासारखं झालं.

८ मे

कामत सरांनी बोलावलं. तपासणीच्या टेबलावर कायमची जागा आहे, बसून काम, पंखा. "तुझी नजर चांगली आहे." म्हटलं, आणि गन? म्हणाले, गन नाही. पावसाळ्यापर्यंत थांबा, म्हटलं. सचिन म्हणतो, घ्यायची होती. आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई घेतली ते बरं केलं. ती बसून राहणारी बाई हाय का?" फेब्रुवारीत याच म्हणत होत्या सोड म्हणून.

२९ मे

मान कोरडी. कोपराची वळी नुसती काळपट, ओली नाही. आरशासमोर बराच वेळ उभी राहिले. सायक्लोसारखं झटक्यात काही नाही, रोज इतकंसं. पण बीपी ठीक. ज्याला त्याला सांगत सुटले की मेथो लागू पडतेय.

१७ जून

कंपनीत धुतलेला सूट घालून पूर्ण शिफ्ट पॅकिंगला उभी राहिले. अंगाला क्रीमचं बोट नाही. घरी येऊन आत्याबाईंनी मान बघितली, चष्मा लावून. "काय बी न्हाई गं." मग डोळे पुसायला आत गेल्या.

५ जुलै

लिव्हरचा आकडा थोडा वर. बाई म्हणाल्या, घाबरू नका, या बुधवारची गोळी घेऊ नका, परत तपासू. पुन्हा वाढलेला निघाला तर मेथो बंद, टीबीची तपासणी करून नव्या गोळ्यांचं बघू. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, मधल्या काळात कातडी उलटेल का? म्हणाल्या, उलटू शकते.

आणि आजच कामत सरांनी सांगितलं, या आठवड्यात बूथमध्ये तीन दिवस ट्रायल. तिन्ही दिवस चांगले गेले तर परत जागा. योग बघा.

१० जुलै

ट्रायलचे दोन दिवस झाले. पहिला बंपर जरा जपूनच मारला. नंतर मनगटाला आपोआप आठवलं. ओव्हनमधून आलेला बंपर सरांनी ट्यूबलाइटखाली आडवा-उभा फिरवला, पुढचा पाठव म्हणाले. नितीन मागे उभा राहून बघत होता. शिकतोय.

रक्त आज देऊन आले. रिपोर्ट उद्या दुपारपर्यंत फोनवर येईल. सचिन म्हणतो, मला पाठवायला सांग, मी बघून ठेवतो. नको म्हटलं. बघून ठेवशील आणि चेहरा घेऊन गेटवर उभा राहशील.

उद्या सकाळची शिफ्ट, ट्रायलचा शेवटचा दिवस. फोन लॉकरमध्ये असतो, बूथमध्ये नेता येत नाही. रिपोर्ट काय यायचा तो येऊ दे, शिफ्ट सुटेपर्यंत मला कळणार नाही. तोपर्यंत गन माझ्याच हातात.